फवारणीचे विष अंगात भिनू नये म्हणून: शेतात राबणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कीटकनाशकांपासून बचाव म्हटले की बहुतेकांच्या मनात प्रथम मास्क येतो. श्वासातून विष जाते हे खरेच आहे, आणि बंद गोदामात, हरितगृहात किंवा धुरीच्या औषधांबाबत तो धोका फार मोठा असतो. पण उघड्या शेतात द्रावण तयार करणाऱ्या, फवारणी करणाऱ्या किंवा फवारलेल्या पिकात खुरपणी-तोडणी करणाऱ्या माणसाच्या शरीरात विषाचा सर्वाधिक भाग साधारणपणे त्वचेवाटे शिरतो. अनेक औषधे त्वचेतून आत जाताना ना आग होते ना खाज सुटते, त्यामुळे पंपातून पाठीवर झिरपलेले द्रावण अंगावरच वाळू दिले जाते आणि काम पुढे चालू राहते. म्हणून या मार्गदर्शनात हात, पाठ, कपडे आणि कामाचा क्रम यांविषयी अधिक सांगितले आहे आणि मास्कविषयी त्या मानाने कमी.

त्वचा सगळीकडे सारखी नसते

शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून पॅराथिऑन हे कीटकनाशक किती प्रमाणात आत जाते, याचे मोजमाप अमेरिकेतील संशोधकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. कोपरापुढच्या हातातून जितके शोषण होते त्याला एक मानले, तर तळहातातून ते सुमारे १.३ पट, पोटावरून दुप्पट, डोक्याच्या त्वचेतून ३.७ पट, कपाळावरून ४.२ पट, कानाच्या आतील भागातून ५.४ पट आणि अंडकोशाच्या त्वचेतून जवळजवळ १२ पट होते. प्रत्येक रसायनाचे आकडे वेगळे असणार, परंतु कोणते अवयव अधिक जपायचे हे या क्रमावरून नीट कळते. औषध कालवलेल्या हाताने किंवा हातमोज्याने कपाळावरचा घाम पुसणे, कान खाजवणे आणि हात न धुता लघवीला जाणे या तीन सवयी सोडल्या, तर कोणताही खर्च न करता धोका बराच कमी होतो. हात शौचास जाण्यापूर्वी धुवायचे, केवळ नंतर नव्हे, हा नियम औषध हाताळणाऱ्या प्रत्येकाने अंगवळणी पाडला पाहिजे.

घाम, उष्णता आणि त्वचेवरील जखमा यांमुळे शोषण आणखी वाढते. पाण्यात कालवल्यावर दुधाळ होणारी द्रवरूप औषधे तेलासारख्या द्रावकात विरघळवलेली असतात आणि भुकटीपेक्षा ती त्वचेत सहज शिरतात. हातापायांवर कापलेले, खरचटलेले किंवा पुरळ उठलेले असेल, तर त्या दिवशी औषधाचे काम दुसऱ्याकडे द्यावे. पॅराक्वाट या तणनाशकाच्या बाबतीत तर ही अट मुळीच मोडू नये, कारण फाटलेल्या त्वचेतून ते गेल्यानेही माणसे दगावली आहेत आणि त्यावर उतारा नाही.

नेहमीच्या, तुलनेने सौम्य समजल्या जाणाऱ्या औषधानेही किती अनर्थ होऊ शकतो, हे १९७६ मध्ये पाकिस्तानात दिसले. तेथील हिवताप नियंत्रणाच्या कार्यक्रमात मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी २,८०० जणांना विषबाधा झाल्याचा अंदाज निघाला आणि पाच जणांचा मृत्यू झाला. त्या मालात आयसोमॅलॅथिऑन नावाची अशुद्धी वाढलेली होती. ती शरीरातील मॅलॅथिऑनचा निचरा करणाऱ्या विकरांनाच (एन्झाइमांनाच) निकामी करते, त्यामुळे मूळ औषध कितीतरी अधिक विषारी ठरते. त्यातच कामाच्या चुकीच्या पद्धतींमुळे द्रावण अंगावर भरपूर सांडत होते. ही घटना शेतातली नसली तरी हाताने औषध कालवणाऱ्या आणि पाठीवर पंप घेणाऱ्या प्रत्येकाला ती लागू पडते. मुदत उलटलेले, उन्हात तापत राहिलेले, फुगलेल्या किंवा गळक्या डब्यातले औषध स्वस्तात मिळते किंवा वाया जाईल म्हणून वापरू नये.

औषध निवडतानाच निम्मा निर्णय होतो

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत एक कलम आहे, ते मला संपूर्ण संहितेतले सर्वांत माणुसकीचे वाटते. जी औषधे हाताळण्यासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातील छोट्या शेतकऱ्यांनी आणि शेतमजुरांनी, असे त्यात म्हटले आहे. रखरखत्या उन्हात रबरी पोशाख चढवून तासन्‌तास काम करणे माणसाला शक्य नसते. तसे केले तर विषाऐवजी उष्माघाताने तो कोसळू शकतो. त्यामुळे मजुराने साधने वापरली नाहीत म्हणून त्यालाच दोष देण्यापूर्वी ते औषध त्याच्या हातात का दिले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

फवारणीची खरोखर गरज आहे का, हे आधी ठरवावे. किडीचे प्रमाण नुकसानीच्या पातळीखाली असेल तर फवारणी टाळावी. सापळे, मित्रकीटक, रोगप्रतिकारक वाण किंवा हाताने काढलेले तण यांनी काम भागत असेल तर ते करावे. फवारावेच लागले, तर त्या किडीवर चालणाऱ्या औषधांपैकी सर्वांत कमी विषारी औषध घ्यावे. त्यासाठी वेष्टनावरचा रंग उपयोगी पडतो. जिथे रंगांनी वर्गवारी दाखवतात तिथे बहुधा लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा असा क्रम असतो. मात्र हा रंग केवळ तातडीच्या विषबाधेचा अंदाज देतो. वर्षानुवर्षांच्या संपर्काने कर्करोग होईल का, गर्भावर परिणाम होईल का, हे त्यावरून कळत नाही. हिरव्या रंगाच्या औषधालाही हातमोजे लागतातच. तसेच नैसर्गिक म्हणून विकले जाणारे प्रत्येक औषध निरुपद्रवी नसते. निकोटीन वनस्पतीतून येते आणि तीव्र विष आहे. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणाची दीर्घकाळ फवारणी करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांचा विकार पोर्तुगालमधील डॉक्टरांनी १९६९ मध्ये नोंदवला, आणि त्या मिश्रणात मोरचूद व चुन्यापलीकडे काही नसते.

दोन-तीन औषधे अंदाजाने एकत्र करू नयेत. त्यांचे एकत्रित परिणाम वेष्टनावर लिहिलेले नसतात, आणि विषबाधा झालीच तर उपचार कशावर करायचे हे डॉक्टरांनाही कळेनासे होते.

द्रावण तयार करताना

दिवसभराच्या कामात सर्वांत धोक्याची वेळ हीच आहे, कारण तेव्हा औषध पाण्याने विरळ झालेले नसते; मूळ औषधाच्या काही थेंबांत जितके विष असते तितके फवारणीच्या कितीतरी द्रावणात असते. वेष्टन अगोदर वाचून घ्यावे. स्वतःला वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून मात्रा, संरक्षक साधने, प्रथमोपचार आणि शेतात पुन्हा केव्हा जायचे हे चारही भाग मोठ्याने वाचून घ्यावेत. ही माहिती कामगाराला त्याच्या भाषेत मिळणे हा त्याचा हक्क आहे आणि ती देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, विहीर व घर यांपासून दूर करावे. डबा डोळ्यांच्या पातळीच्या खाली धरून ओतावा. मापासाठी वेगळे भांडे ठेवावे आणि ढवळण्यासाठी लांब काठी वापरावी. औषधात हात घालून ढवळण्याची पद्धत हातमोजे असले तरी बंद झाली पाहिजे. हातमोजे नायट्राइल या कृत्रिम रबराचे किंवा वेष्टनावर सांगितलेल्या दुसऱ्या रसायनरोधक प्रकारचे, आतून कापडी अस्तर नसलेले असावेत. अस्तर विष शोषून धरते आणि नंतर तासन्‌तास ते त्वचेलाच चिकटून राहते. कातडी हातमोजे, कातडी बूट आणि घड्याळाचा कातडी पट्टा यांचेही तसेच आहे. त्यात भिनलेले औषध धुऊन निघत नाही. मूळ औषध ओतताना डोळ्यांना सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा किंवा चेहऱ्यावर पारदर्शक ढाल असावी आणि अंगावर द्रव न झिरपणारा ॲप्रन असावा. एवढ्या थोड्या वेळासाठी जाड साधने घालणे उष्ण हवेतही जमते.

डबा रिकामा झाला की त्यात पाव भाग पाणी घालून, झाकण लावून खळखळवावा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. असे तीनदा केल्यावर डब्याला भोके पाडावीत, म्हणजे कोणी त्यात पाणी किंवा खाद्यपदार्थ भरणार नाही. उरलेले औषध पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणे याच्याइतकी घातक गोष्ट नाही. अशा बाटलीतून मुले आणि तहानलेली मोठी माणसेही विष प्यायली आहेत. औषध मूळ वेष्टनातच आणि कुलपातच राहिले पाहिजे.

फवारताना

पंप पाठीवर घेण्यापूर्वी त्यात साधे पाणी भरून चालवून पाहावा. झाकणाची रबरी चकती, नळीचे जोड आणि नोझल यांतून एक थेंबही गळत असेल तर आधी दुरुस्ती करावी, कारण गळक्या पंपाने पाठ आणि मांड्या दिवसभर ओल्या राहतात. नोझल तुंबले तर ते तोंडाने फुंकू नये; पाण्याने आणि मऊ ब्रशने साफ करावे, आणि एक जादा नोझल सोबत ठेवावे.

अंगात पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीच्या कापडाचा सदरा व लांब पँट असावी, डोक्यावर टोपी असावी आणि पायांत रबरी बूट. पँट बुटांच्या बाहेर सोडावी, म्हणजे ओघळ बुटात शिरणार नाहीत. हातमोज्यांबाबत मात्र कामानुसार बदल करावा लागतो: जमिनीलगतचे पीक फवारताना बाही हातमोज्याच्या वर असावी, तर डोक्याच्या उंचीच्या झाडांवर फवारताना बाही हातमोज्याच्या आत खोचून मोज्याची कड बाहेर दुमडावी. साधा कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क बाष्प अडवत नाही, आणि ओला झालेला रुमाल तर औषधच नाकातोंडाशी धरून ठेवतो. वेष्टनावर श्वसनरक्षक सांगितला असेल तर बाष्प शोषणारी पेटी असलेलाच वापरावा. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढीमुळे फट राहता कामा नये आणि औषधाचा वास येऊ लागला की पेटी बदलली पाहिजे.

वारा हलका व एकाच दिशेने वाहणारा असावा. जोराच्या वाऱ्यात फवारू नये हे सर्वांना माहीत असते. पण पहाटे किंवा सायंकाळी हवा पूर्ण स्तब्ध असते तेव्हाही फवारू नये, कारण जमिनीलगतच्या थंड थरात बारीक तुषार तरंगत राहतात आणि नंतर भलत्याच दिशेला सरकतात. फवारा नेहमी आपल्यापासून दूर जाईल असे उभे राहावे आणि नुकत्याच फवारलेल्या ओळींमधून चालत जाण्याऐवजी कोरड्या भागाकडे सरकत जावे. कामाच्या मध्ये खाणे, पाणी पिणे, तंबाखू खाणे किंवा धूम्रपान करणे हे हातमोजे काढून, साबणाने हात व तोंड धुतल्यावरच आणि फवारणीच्या जागेपासून दूर जाऊन करावे. एकटा माणूस असेल तर चक्कर येऊन पडल्यावर त्याला कोणी पाहत नाही, म्हणून अधिक विषारी औषध फवारताना हाकेच्या अंतरावर दुसरे कोणीतरी असावे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि १८ वर्षांखालील मुले यांना या कामापासून दूर ठेवावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००१ सालच्या १८४ क्रमांकाच्या करारात, जिवाला तातडीचा व गंभीर धोका आहे असे मानण्यास रास्त कारण असेल तर काम सोडून बाजूला होण्याचा शेतमजुराचा हक्क मान्य केलेला आहे. गळका पंप नाकारणारा मजूर आडमुठेपणा करत नसतो, हे मुकादमाने व मालकाने समजून घ्यावे.

फवारलेल्या शेतात केव्हा जावे

ज्यांनी पंपाला कधी हात लावला नाही अशा तोडणी व खुरपणी करणाऱ्यांनाही विषबाधा होते, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. कॅलिफोर्नियात १९६३ मध्ये पीचची फळे तोडणारे कामगार असेच आजारी पडले होते. बागेत पॅराथिऑन फवारलेले होते, आणि पानांवर त्याचे पॅराऑक्सन या अधिक विषारी रसायनात रूपांतर होते. पान कोरडे दिसले म्हणजे ते सुरक्षित झाले, ही समजूत म्हणून चुकीची आहे.

वेष्टनावर दोन वेगवेगळ्या मुदती असू शकतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. काढणीपूर्वीचा काळ हा पीक खाणाऱ्याच्या सुरक्षेसाठी असतो, तर पुनःप्रवेशाचा काळ हा शेतात काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी. अमेरिकेच्या नियमांत दुसरी मुदत औषधाच्या विषारीपणानुसार बहुधा १२, २४ किंवा ४८ तास असते, काही औषधांना त्याहून जास्त. फवारणी करणाऱ्याने शेताच्या कडेला औषधाचे नाव, दिवस, वेळ आणि आत जाण्यास केव्हा हरकत नाही हे लिहिलेली पाटी लावावी. ती मुदत संपल्यावरही पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच पिकात शिरावे.

काम संपल्यावर

हातमोजे हातात असतानाच साबणाच्या पाण्याने बाहेरून धुवावेत, मग बूट काढावेत, आणि हातमोजे सर्वांत शेवटी. त्यानंतर लगेच, घरात जाऊन मुलांना जवळ घेण्यापूर्वी, केस, नखे, कानामागचा भाग आणि जांघा यांसह साबणाने स्नान करावे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते हातमोजे घालून, शक्य तितक्या गरम पाण्यात वेगळे धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. न धुता तेच कपडे दुसऱ्या दिवशी घातले, तर पहिल्या दिवसाचे विष घामाबरोबर पुन्हा त्वचेत जाते. ज्या कपड्यांवर मूळ औषध सांडून भिजले आहे ते धुण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावेत, कारण कपडे धुणारी व्यक्तीही माणूसच आहे.

लक्षणे ओळखणे

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांतील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मज्जातंतूंनी स्नायूंना व ग्रंथींना दिलेला संदेश थांबवण्याचे काम हे विकर करते. ते बंद पडले की संदेश चालूच राहतात. सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि अंधुक दिसणे एवढेच जाणवते. पुढे घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, छातीत घरघर, स्नायूंचे फडफडणे आणि शेवटी श्वास बंद पडणे असा क्रम होऊ शकतो. ही सुरुवातीची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखी असल्याने बरेच जण सावलीत बसून पुन्हा कामाला लागतात. फरक ओळखण्याची एक खूण आहे: उन्हाने तोंड कोरडे पडते आणि नाडी जलद होते, तर या विषाने तोंडात लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि नाडी बहुधा मंदावते. शंका असेल तर विषबाधाच मानून चालावे.

पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी चेहऱ्याला मुंग्या येतात व चुणचुण होते; ती सहसा २४ तासांत जाते, पण हातमोजा चेहऱ्याला लागल्याची ती खूण असते. ऑर्गॅनोक्लोरीन गटात झटके येण्याचा धोका मोठा असतो.

सावकाश येणारे परिणाम

एका दिवसात काहीच होत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक तयार करणाऱ्या कॅलिफोर्नियातील कारखान्याच्या कामगारांमध्ये १९७७ मध्ये पुरुषी वंध्यत्व आढळले. त्यांना बाहेरून कोणताही आजार दिसत नव्हता. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन या कीटकनाशकाला मानवात कर्करोग निर्माण करणारे, तर मॅलॅथिऑन, डायझिनॉन व ग्लायफोसेट यांना बहुधा तसे असणारे म्हणून वर्गीकृत केले. रोटेनोन व पॅराक्वाट यांच्या वापराचा पार्किन्सनच्या आजाराशी संबंध अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासात दिसला, आणि फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांच्या संपर्कानंतर होणाऱ्या पार्किन्सनला शेती क्षेत्रातील व्यावसायिक आजार म्हणून मान्यता दिली. म्हणून प्रत्येकाने औषधाचे नाव, तारीख आणि कामाचे तास एका वहीत लिहून ठेवावेत. अनेक वर्षांनी डॉक्टरांना किंवा भरपाईच्या दाव्याला पुरावा लागतो तेव्हा आठवणीवर भागत नाही.

विषबाधा झाली तर

प्रथम माणसाला तिथून बाहेर काढावे आणि मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. श्वास थांबत असेल तर आधी श्वासाकडे पाहावे आणि तातडीची मदत बोलवावी. भिजलेले सर्व कपडे काढून त्वचा व केस साबण आणि भरपूर पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवावेत. डोळ्यांत गेले असेल तर तितकाच वेळ हळू वाहत्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघडून धरून, डोळे धुवावेत. बेशुद्ध व्यक्तीला डाव्या कुशीवर वळवावे आणि तिच्या तोंडात काहीही घालू नये. औषध पोटात गेले असले तरी मीठपाणी पाजून किंवा बोट घालून उलटी करवू नये, कारण तेलकट द्रावक फुप्फुसात गेल्यास जीव जाऊ शकतो. दवाखान्यात नेताना औषधाचे वेष्टन किंवा त्याचे छायाचित्र बरोबर न्यावे. ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपीन आणि प्रॅलिडोक्झिम ही औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

बरे वाटू लागल्यानंतरही ऑर्गॅनोफॉस्फेटच्या रुग्णाला लगेच घरी पाठवण्याची घाई करू नये. विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे आणि श्वासाचे स्नायू दुबळे होणे असा दुसरा टप्पा येऊ शकतो, तर काही कीटकनाशकांनी एक ते तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या व अशक्तपणा येतो. त्या काळात अशी तक्रार आली तर जुन्या विषबाधेचा उल्लेख करून पुन्हा दाखवावे. ही कीटकनाशके नियमित हाताळणाऱ्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी रक्तातील कोलिनेस्टरेज (ही विषे बंद पाडतात ते वर सांगितलेले विकर) तपासून आपली मूळ पातळी नोंदवून घ्यावी, कारण माणसामाणसांत ती खूप वेगळी असते आणि तुलनेला आकडा नसेल तर नंतरच्या तपासणीचा अर्थ लावणे कठीण जाते. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार तांबड्या पेशींतील पातळी मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली आली की कामगाराला त्या कामावरून हटवावे लागते आणि ती ८० टक्क्यांवर परत येईपर्यंत त्याला पुन्हा औषधाजवळ पाठवता येत नाही. असा नियम नसेल तिथेही डॉक्टरांच्या सल्ल्याने हीच मर्यादा पाळावी आणि तोवर त्या मजुराला फवारणीचे व फवारलेल्या शेतातले सोडून दुसरे काम द्यावे, त्याची मजुरी न कापता.